प्रतीक्षादर्शक (कमांड लाइन)

कमांड लाइनवर चालणारा प्रोग्राम वेळखाऊ काम करीत असताना टर्मिनलच्या पडद्यावर जी हलती किंवा बदलती खूण दाखवतो, तिला प्रतीक्षादर्शक असे म्हणता येते. तिचे मुख्य प्रकार तीन आहेत. एकाच जागी फिरणाऱ्या चिन्हाला फिरकी किंवा स्पिनर म्हणतात. पूर्ण झालेल्या कामाचे प्रमाण दाखवणारी ती प्रगतिपट्टी. ठरावीक काम झाले की एकेक ठिपका छापत जाणे हा तिसरा व सर्वांत जुना प्रकार होय. चित्रमय पडद्यावर खिडकी, बटण, कर्सरचा बदललेला आकार अशी अनेक साधने हाताशी असतात. टर्मिनलमध्ये मात्र अक्षरांच्या चौकटींखेरीज काहीच नसते, त्यामुळे हलण्याचा सगळा भास एका चौकटीतले अक्षर पुसून दुसरे छापण्यावर अवलंबून असतो.

अशा खुणेचे प्रयोजन वापरकर्त्याची करमणूक हे नव्हे. काहीच हालचाल न दिसणारा पडदा पाहून वापरकर्ता प्रोग्राम अडकला असे समजतो आणि कंट्रोल-सी दाबून तो बंद करतो. डेटाबेसची रचना बदलण्याचे किंवा एखाद्या उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर नव्याने भरण्याचे काम असे अर्ध्यावर तुटले तर होणारे नुकसान थोड्या प्रतीक्षेपेक्षा कितीतरी मोठे असते. चुकीची खूण याच्या उलट फसवते: काम केव्हाच थांबलेले असते आणि वापरकर्ता फिरत्या चिन्हाकडे पाहत तासभर बसून राहतो.

कागदापासून पडद्यापर्यंत

सुरुवातीच्या टर्मिनलांना पडदा नव्हता. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला १० अक्षरे छापत असे. टंकलेखन यंत्राप्रमाणेच त्यातही ओळ संपल्यावर दोन वेगळ्या क्रिया होत. छपाईचा भाग ओळीच्या आरंभी परत आणणे ही पहिली (कॅरेज रिटर्न) आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दुसरी (लाइन फीड). त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतप्रमाणात दोन्ही क्रियांना वेगळे क्रमांक मिळाले. कॅरेज रिटर्नचा क्रमांक १३ आणि लाइन फीडचा १०. आजच्या पडद्यावरील प्रत्येक फिरकी या जुन्या विभागणीवर उभी आहे, कारण ओळ न बदलता आरंभी परत जाता आले नसते तर त्याच जागी पुन्हा लिहिणे कठीण झाले असते.

कागदावर मात्र परत जाऊन उपयोग नव्हता. छापलेले पुसता येत नसे, आणि त्याच जागी दुसरे अक्षर छापल्यास दोन्ही मिळून काळा डाग पडे. म्हणून काम चालू असल्याची खूण म्हणून ठिपके छापण्याची रीत सोयीची होती. तिचे अवशेष अजूनही दिसतात. फाइली उतरवून घेणारा डब्ल्यूगेट हा प्रोग्राम ठिपक्यांच्या पद्धतीत चालवला तर मूळ मांडणीत दर किलोबाइटला एक ठिपका व एका ओळीत ५० ठिपके छापतो.

युनिक्स परंपरेने तर बराच काळ मौनच पसंत केले. काम यशस्वी झाले तर प्रोग्रामने काही बोलू नये, चुकले तरच बोलावे, असा तो संकेत आहे. फाइलीची नक्कल करणारी सीपी ही आज्ञा आजही काही न सांगता काम संपवते. डिस्कच्या नकला करण्यासाठी वापरली जाणारी डीडी ही आज्ञा तासन्‌तास चालू शकते, पण तिच्या ग्नू आवृत्तीत प्रगती सतत दाखवण्याचा पर्याय २०१५ मध्ये, कोअरयुटिल्सच्या ८.२४ या आवृत्तीत आला. त्याआधी दुसऱ्या टर्मिनलमधून त्या प्रोग्रामला विशिष्ट संदेश पाठवून एकवार आकडे काढून घ्यावे लागत. बीएसडी कुळातील प्रणालींवर कंट्रोल-टी दाबून चालू कामाची विचारपूस करण्याची सोय आहे. न विचारता बोलायचे नाही, विचारले तर लगेच सांगायचे, ही तडजोड फिरकीपेक्षा अधिक सभ्य म्हणावी लागेल. ती लिनक्समध्ये मात्र रुळली नाही.

काचेचा पडदा असलेली टर्मिनले आल्यावर चित्र बदलले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ मध्ये बाजारात आले. कर्सर हवा तेथे नेणे, ओळ पुसणे, ठळक अक्षर दाखवणे यांसाठी ते एस्केप या चिन्हाने (क्रमांक २७) सुरू होणाऱ्या प्रमाणित आज्ञा समजत असे. आजच्या बहुतेक टर्मिनल-प्रोग्रामांत प्रत्यक्षात याच कुळातील यंत्राची नक्कल केलेली असते.

रचना

सर्वांत साधी फिरकी चार चिन्हांची असते: | / - \ ही चिन्हे याच क्रमाने एका जागी छापली की काठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते असे वाटते. यांतील उलटी तिरकी रेघ आस्कीमध्ये आली ती बॉब बेमर यांच्या प्रयत्नांमुळे. अल्गोल या संगणकभाषेतील ‘आणि’ व ‘किंवा’ यांची तर्कचिन्हे /\ आणि \/ अशी जोडून लिहिता यावीत, हा त्यांचा हेतू होता. ती रेघ पुढे फिरकीच्या कामी आली.

प्रत्येक चिन्हानंतर प्रोग्राम बॅकस्पेस (क्रमांक ८) किंवा कॅरेज रिटर्न पाठवतो आणि त्याच जागेवर पुढचे चिन्ह छापतो. नवशिक्यांची पहिली अडचण येथेच येते. सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात टर्मिनलकडे जाणारा मजकूर सहसा ओळ पूर्ण होईपर्यंत साठवून ठेवला जातो. फिरकी तर ओळ कधीच पूर्ण करीत नाही. परिणामी पडदा शेवटपर्यंत कोरा राहतो आणि काम संपल्यावर सगळी चिन्हे एका क्षणात पडून जातात. म्हणून प्रत्येक चिन्हानंतर साठा रिकामा करण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. पायथॉनमध्येही हीच काळजी घ्यावी लागते.

दुसरी अडचण ओळीच्या लांबीची. कॅरेज रिटर्नने कर्सर पडद्यावरच्या चालू ओळीच्या आरंभी जातो, प्रोग्रामच्या मनातल्या ओळीच्या नव्हे. खिडकी अरुंद असेल आणि पट्टी तिच्यात मावत नसेल तर मजकूर दुसऱ्या ओळीवर जातो, कर्सर फक्त त्या दुसऱ्या ओळीच्या आरंभी परततो आणि प्रत्येक बदलागणिक पडद्यावर एक नवी अर्धवट पट्टी साचत जाते.

फिरकीशेजारी लुकलुकणारा कर्सर नको म्हणून अनेक प्रोग्राम तो लपवतात. अशा प्रोग्रामाला मध्येच थांबवले आणि त्याने जाताना आवरासावर केली नाही, तर नंतरही कर्सर अदृश्यच राहतो. टर्मिनल बिघडले असा समज करून घेणाऱ्या वापरकर्त्याला ‘रीसेट’ ही आज्ञा पुरेशी असते.

अलीकडे ब्रेल ठिपक्यांची फिरकी अधिक दिसते. युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत (१९९९) ब्रेलच्या २५६ आकृत्या समाविष्ट झाल्या. एका चौकटीत आठ ठिपक्यांपैकी हवे ते उमटवता येत असल्याने गोल फिरणारी हालचाल बारकाईने दाखवता येते. सिंद्रे सोरहस यांच्या ‘ओरा’ या जावास्क्रिप्ट ग्रंथालयाने ⠋⠙⠹⠸⠼⠴⠦⠧⠇⠏ ही दहा चिन्हांची मालिका सर्वदूर नेली. दर ८० मिलिसेकंदांनी चिन्ह बदलते, म्हणजे एक फेरा ०.८ सेकंदात पुरा होतो. पायथॉनमध्ये ‘टीक्यूडीएम’ हे ग्रंथालय प्रचलित आहे. त्याचे नाव प्रगती या अर्थाच्या ‘तकद्दुम’ या अरबी शब्दावरून घेतले आहे.

खूण आणि काम यांचा संबंध

प्रतीक्षादर्शक विश्वासार्ह आहे की नाही हे तो कोण फिरवतो यावर ठरते.

बीएसडी प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामात ‘ट्विडल’ नावाचे छोटे कार्य आहे. डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून माहितीचा भाग वाचला गेला की ते बोलावले जाते आणि चार चिन्हांची फिरकी पुढे सरकते. तेथे दुसरे कोणी ती फिरवणारे नसते. डिस्क अडली की फिरकीही थांबते, त्यामुळे थांबलेली फिरकी ही बिघाडाची बातमीच असते.

आजच्या पुष्कळ ग्रंथालयांत फिरकी वेगळ्या थ्रेडमध्ये किंवा वेळ मोजणाऱ्या यंत्रणेवर चालते. मुख्य काम दूरच्या संगणकाच्या उत्तराची वाट पाहत कायमचे खोळंबले असले, तरी ती तितक्याच उत्साहाने फिरत राहते. अशा फिरकीतून वापरकर्त्याला एवढेच कळते की प्रोग्राम अजून मेलेला नाही. काम पुढे सरकते आहे की नाही याबद्दल ती गप्प असते. दोन्हींमधील फरक पडद्यावर दिसत नाही, हा खरा दोष होय. त्यावर उपाय साधा आहे. फिरकीशेजारी कामातूनच येणारा एखादा आकडा दाखवावा: उतरलेले बाइट, तपासलेल्या फाइली, शेवटची हालचाल होऊन गेलेला वेळ. आकडा थांबला की फिरकी कितीही फिरो, वाचणाऱ्याला अडचण कळते.

खूण दाखवण्यालाही किंमत पडते. ट्विडलच्या बाबतीत डिस्क वेगवान झाल्या, पण संथ सिरियल तारेवरून जोडलेल्या टर्मिनलवर एकेक चिन्ह पाठवण्यातच सुरुवातीचे कित्येक सेकंद जाऊ लागले. म्हणून फ्रीबीएसडीमध्ये फिरकीची गती कमी करणारा एक चल ठेवण्यात आला. जानेवारी २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज व्यवस्थापकाबाबत असेच उघडकीस आले. प्रगतिपट्टी बंद केल्यास पॅकेजे बसवण्याचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो असे वापरकर्त्यांनी मोजून दाखवले. काम लवकर होते आहे असे वाटावे म्हणून ठेवलेली पट्टीच कामाला उशीर करीत होती. टीक्यूडीएम मूळ मांडणीत दोन बदलांमध्ये किमान ०.१ सेकंदाचे अंतर ठेवते ते याचसाठी.

वेळेचा अंदाज

किती वेळ वाट पाहायला लावल्यावर खूण दाखवावी याची चर्चा रॉबर्ट मिलर यांच्या १९६८ च्या निबंधापासून चालू आहे. जेकब नीलसन यांनी पुढे लोकप्रिय केलेल्या मर्यादा अशा: ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये टक्केवारी दाखवणाऱ्या दर्शकांचा अभ्यास मांडला. वापरकर्ते अशा दर्शकांना पसंती देतात असे त्यात दिसले. गिट हा प्रोग्राम काही कामांत पहिली दोन सेकंदे काहीच दाखवत नाही. झटपट संपणाऱ्या कामासाठी पडदा विनाकारण लुकलुकू नये, एवढाच त्यामागचा विचार.

टक्केवारी दाखवायची तर एकूण काम आधी माहीत हवे. ते माहीत नसते तेव्हा फिरकीच प्रामाणिक ठरते. खोटी टक्केवारी ९९ वर येऊन अडकते हा अनुभव सर्वांच्याच ओळखीचा आहे. उरलेल्या वेळेचा अंदाज सहसा अलीकडच्या गतीला अधिक वजन देणाऱ्या सरासरीने काढतात, त्यामुळे नेटवर्क मंदावताच तो मिनिटांवरून तासांवर उडी मारतो.

देवनागरी मजकुराच्या अडचणी

मराठीत संदेश दाखवणाऱ्या प्रोग्रामात वरील सगळ्या तंत्राला एक वेगळाच पेच पडतो. पुसायचे किती, हे कळायला छापलेला मजकूर किती चौकटी व्यापतो ते कळावे लागते. इंग्रजीत बाइट, अक्षर आणि चौकट यांची संख्या एकच असते. देवनागरीत तिन्ही निराळ्या.

नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावाचे नाव घेतले, तर वाचणाऱ्याला ला-स-ल-गा-व अशी ५ अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये दोन कान्यांसह त्याचे ७ संकेतबिंदू होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. जुन्या रीतीने चालणारी टर्मिनले कान्याला स्वतंत्र चौकट देतात, म्हणून तेथे हा शब्द ७ चौकटी घेतो. मात्रा व अनुस्वार ही वर बसणारी चिन्हे असल्याने त्यांना शून्य चौकटी मिळतात. काही नवी टर्मिनले कानाही शून्यच मोजतात, तेथे तोच शब्द ५ चौकटींत बसतो. ‘प्रतीक्षा’ या शब्दात अक्षरे ३, संकेतबिंदू ९, बाइट २७ आणि चौकटी पहिल्या मोजणीने ७, तर दुसऱ्या मोजणीने ५.

समजा, एखादा प्रोग्राम बाजारसमित्यांचे दर एकामागून एक गोळा करतो आणि चालू बाजाराचे नाव त्याच ओळीवर दाखवतो. आधी ‘लासलगाव’ छापले गेले, मग कॅरेज रिटर्न, मग ‘येवला’. दुसरे नाव पहिल्यापेक्षा आखूड असल्याने जुन्याचे शेपूट मागे उरते आणि पडद्यावर ‘येवलागाव’ असे अस्तित्वात नसलेले गाव उभे राहते. चौकटी कोणत्याही रीतीने मोजल्या तरी परिणाम तोच. शेपूट झाकण्यासाठी मोकळ्या जागा भराव्यात, तर त्या किती हे बाइटांवरून ठरवणारे सी भाषेतील छपाईचे कार्य चुकते: २० च्या रुंदीसाठी त्याला २१ बाइटांचा ‘लासलगाव’ आधीच मोठा वाटतो आणि ते एकही जागा भरत नाही. म्हणूनच रुंदी मोजत न बसता, ओळीच्या शेवटापर्यंत पुसण्याची एस्केप आज्ञा आधी पाठवून मग नवा मजकूर छापणे देवनागरीसाठी सर्वांत सुरक्षित ठरते. फिरकीचे चिन्ह मजकुराच्या डावीकडे ठेवणेही हिताचे, कारण उजवीकडे ठेवल्यास ते शब्दागणिक जागा बदलते किंवा शेवटच्या अक्षरावरच बसते.

मजकूर सरकवत नेणाऱ्या किंवा लांब नाव कापून दाखवणाऱ्या दर्शकांत आणखी बिघाड होतो. संकेतबिंदूंवर कापले तर काना किंवा वेलांटी आपल्या व्यंजनापासून तुटते आणि ठिपक्यांच्या वर्तुळासह एकटी उभी राहते. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी त्याच्या आधी. प्रत्येक संकेतबिंदू आपापल्या चौकटीत बसवणाऱ्या टर्मिनलमध्ये ती चुकीच्या बाजूला जाते. लिनक्सच्या चित्रविरहित कन्सोलवर तर एका वेळी २५६ किंवा ५१२ आकृत्याच ठेवता येतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नाही, त्यामुळे तेथे मराठी संदेश वाचनीय होत नाहीत.

हा प्रश्न भारतात एकदा वेगळ्या मार्गाने सोडवला गेला होता. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे नेलेले गिस्ट हे तंत्र संगणकात बसवायच्या कार्डाच्या रूपात मिळत असे. देवनागरी अक्षर जुळवण्याचे काम ते कार्डच करी, म्हणून डॉसवरील अक्षरी पडद्याच्या प्रोग्रामांतही भारतीय लिप्या वापरता येत. त्यामागील इस्की हा संकेत १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. चित्रमय पडदे आणि युनिकोड आल्यावर अक्षरजुळणी चित्रमय प्रणालीच्या ग्रंथालयांकडे गेली आणि टर्मिनल या सुधारणेत मागे पडले.

देवनागरी अंकांचे मात्र सोपे आहे. प्रत्येक अंक एक चौकट घेतो, त्याला मात्रा नाही की जोड नाही. ‘४५%’ अशी टक्केवारी कोठेही न बिघडता दाखवता येते. फक्त मोकळ्या जागा बाइटांवरून मोजू नयेत.

पडद्याबाहेरचे वाचन

प्रोग्रामचे लेखन नेहमी माणूसच वाचतो असे नाही. ते फाइलीत साठवले जाते, दुसऱ्या प्रोग्रामाला दिले जाते किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या कामातून ईमेलने जाते. अशा ठिकाणी फिरकीची प्रत्येक गिरकी नोंदवहीत कायमची उतरते आणि हजारो निरर्थक चिन्हांत चुकीचा एकच महत्त्वाचा संदेश हरवतो. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम समोर खरोखर टर्मिनल आहे का हे आधी विचारतो आणि नसेल तर हालचाल बंद ठेवतो. डब्ल्यूगेट अशा वेळी पट्टी सोडून ठिपक्यांवर येतो. निकाल आणि प्रगती यांचे प्रवाहही वेगळे ठेवतात: निकाल मुख्य प्रवाहात, प्रगती त्रुटिप्रवाहात. कर्ल व गिट हे दोन्ही प्रोग्राम हा नियम पाळतात.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींसाठी फिरकी ही निव्वळ गैरसोय ठरू शकते. पडद्यावर बदल झाला की वाचन सुरू करणाऱ्या साधनाला सेकंदाला बारा वेळा बदलणारे चिन्ह म्हणजे न संपणारी बडबड. ब्रेल ठिपक्यांची फिरकी तर विशेष विसंगत आहे. ⠋ आणि ⠙ ही डोळस वाचणाऱ्याला केवळ नक्षी वाटली, तरी इंग्रजी ब्रेलमध्ये ती एफ आणि डी ही अक्षरे आहेत, आणि बोटांनी वाचायच्या ब्रेल पट्टीवर ती अर्थहीन अक्षरे म्हणून उमटू शकतात. गिटहबच्या कमांड लाइन प्रोग्रामात २०२५ मध्ये फिरकी बंद करून तिच्या जागी स्थिर वाक्य दाखवण्याचा पर्याय देण्यात आला. काम सुरू झाले, अमुक टप्पा झाला, काम संपले, अशी प्रत्येकी एक ओळ छापणारी ही रीत टेलिटाइपच्या कागदावरही जशीच्या तशी चालली असती.